दुखत नाही ना?

मागच्या वर्षी लेकीकडे ह्यूस्टनला चार महिने राहून आले. तिच्याकडे दर गुरुवारी साफसफाईला एक बाई यायच्या. मूळच्या मेक्सिकोच्या, पन्नाशीच्या. त्यांना इंग्रजी बेताचं, मला स्पॅनिश शून्य. दुभाषी म्हणजे शाळेत स्पॅनिश शिकणारी माझी नात.

एकदा चहा घेताना आजारपणाचा विषय निघाला. लेकीने विचारलं, "मॅमोग्राफी कधी केलीत का?" नातीने प्रश्न सांगितला, तशा बाई गप्पच झाल्या. नात आत गेल्यावर मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "एकदा गेले होते. दुभाषी नव्हता, म्हणून चौदा वर्षांच्या मुलालाच आत बोलावलं. त्याच्यासमोर काय बोलणार? तशीच परत आले." लहान मुलांना असं दुभाषी करू नये, असा नियम तिथे आहे म्हणे! शिवाय विमा नाही, एक दिवस खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. शेवटी म्हणाल्या, "दुखत तर नाही. देवाच्या मनात असेल ते होईल."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. हेच वाक्य आमच्या अक्काचं! १९९४ साली तिला गाठ लागली. मुलीचं लग्न ठरलेलं, म्हणून वर्षभर कोणाला बोलली नाही. कळल्यावर मी रागावले तर म्हणाली, "दुखत नव्हतं ना गं." १९९६ मध्ये अक्का गेली. मी शाळेत बाई, पण आम्ही दोघी बहिणीसुद्धा 'छातीत काहीतरी' असंच म्हणायचो. नाव घ्यायची लाज!

लेकीने नंतर सांगितलं, की हिस्पॅनिक बायकांना हा कर्करोग गोऱ्या बायकांपेक्षा कमी होतो, पण बऱ्याचदा उशिरा सापडतो. त्यांच्यात कर्करोगाने जे मृत्यू होतात, त्यांत हाच पहिला. चाळीस ते चौऱ्याहत्तर वयापर्यंत दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी, अशी तिथली २०२४ ची शिफारस आहे. गरीब, विमा नसलेल्या बायकांसाठी १९९१ पासून सरकारी योजनाही आहे. पण योजना कागदावर असून काय उपयोग? दारापर्यंत कोणी यायला हवं ना?

तिथे 'प्रोमोतोरा' असतात. त्याच वस्तीतल्या, तीच भाषा बोलणाऱ्या बायका. आपल्या आशाताईंसारख्याच. घरी येऊन समजावतात, वेळ घेऊन देतात, सोबत जातात. लेकीने अशा एकीला गाठलं. मी परतायच्या आदल्या गुरुवारी बाई हसत आल्या आणि मला हाताने 'सगळं ठीक' अशी खूण केली.

मग लेकीने मोर्चा माझ्याकडे वळवला. "आणि आई, तू?"

काय सांगणार? चौतीस वर्षं मुलांचे गृहपाठ तपासले, पण हा गृहपाठ माझाच राहिलेला! साताऱ्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात धाकट्या जावेला बरोबर घेतलं आणि दोघींनी तपासणी करून घेतली. दोघी ठीक आहोत.

असो. तुमच्या घरात कोण म्हणतंय, "दुखत नाही ना?" आजच विचारा. आणि सोबत जा.