वलंदेजांचे स्वातंत्र्य

समुद्राच्या पातळीपेक्षाही खाली असलेली जमीन बांध घालून ज्यांनी राखली, त्या हॉलंडच्या लोकांना जुन्या मराठी कागदपत्रांत 'वलंदेज' म्हटलेले आढळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची नावे येतात, त्यांत इंग्रज आणि फरासिस यांच्या पंक्तीला वलंदेजही आहेत. आज त्यांना डच म्हणतात आणि त्यांच्या देशाला नेदरलँड्स. प्रत्येकाने आपल्या आयुष्याचे निर्णय आपण घ्यावेत आणि शेजाऱ्याला त्याचे निर्णय घेऊ द्यावेत, असा या देशाचा लौकिक आहे. समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला कायद्याने मान्यता देणारा हा जगातील पहिला देश. तो कायदा १ एप्रिल २००१ रोजी अमलात आला. बरोबर एक वर्षाने, कठोर अटी घालून, असह्य यातना भोगणाऱ्या रुग्णाच्या इच्छामरणालाही तेथे कायद्याने जागा दिली. रस्त्यालगतच्या घरांच्या खिडक्यांवर दिवे लागल्यानंतरही पुष्कळदा पडदे ओढलेले नसतात, याचे नवख्या पाहुण्याला नवल वाटते.

हा लौकिक फार जुना आहे. सोळाव्या शतकात या प्रांतांवर स्पेनच्या राजाची सत्ता होती. त्याच्या जुलमाविरुद्ध एकत्र आलेल्या प्रांतांनी १५७९ मध्ये उत्रेख्त येथे करार केला. धर्माच्या कारणावरून कोणाचीही चौकशी किंवा छळ होऊ नये, असे त्यात नमूद होते. पुढे १५८१ मध्ये त्यांनी राजाची सत्ता जाहीरपणे झुगारून दिली. राजा प्रजेसाठी असतो, प्रजा ही राजाची गुलाम म्हणून निर्माण झालेली नाही, असा त्या जाहीरनाम्याचा आशय होता. त्यातील 'गुलाम' हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

छळाला कंटाळलेले लोक मग या छोट्या देशाच्या आश्रयाला येऊ लागले. पोर्तुगालमधील धर्मन्यायासनाच्या भीतीने परागंदा झालेली ज्यू कुटुंबे ॲमस्टरडॅमला आली. याच न्यायासनाची शाखा १५६० मध्ये गोव्यात स्थापन झाली होती, तेव्हा ती भीती काय होती हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. अशाच एका कुटुंबात १६३२ मध्ये बारुख स्पिनोझा जन्मला. धर्मग्रंथांविषयी तो स्वतंत्र बुद्धीने विचार करू लागला, म्हणून वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याच्या समाजाने त्याला बहिष्कृत केले. त्याने कोणाशी भांडण मांडले नाही. भिंगे घासण्याचे काम करीत, खोली भाड्याने घेऊन तो राहिला. १६७३ मध्ये हायडेलबर्गच्या विद्यापीठाने देऊ केलेले प्राध्यापकपदही त्याने नाकारले. पद मिळाले तर विचारांचे स्वातंत्र्य उरणार नाही, अशी त्याला शंका होती. राज्यसंस्थेचे खरे प्रयोजन स्वातंत्र्य हेच आहे, असे त्याने १६७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रतिपादन केले.

मात्र त्या ग्रंथावर त्याचे नाव नव्हते आणि छपाईचे गावही खोटे घातले होते. वलंदेजांच्या स्वातंत्र्यालाही कुंपण होते. १६७४ मध्ये या ग्रंथावर बंदी आली. स्पिनोझाचा मित्र आद्रियान कुरबाख याची गत याहून वाईट झाली. त्याने असेच विचार मांडले, पण विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर सामान्य माणसाला कळणाऱ्या डच भाषेत. १६६८ मध्ये त्याला शिक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी तो बंदिवासात मरण पावला. लोकांच्या भाषेत लिहिणे हे सत्तेला किती झोंबते, ते यावरून दिसते. कॅथलिकांना तर उघड प्रार्थनामंदिर बांधण्याची मुभा नव्हती. ॲमस्टरडॅममध्ये १६६३ च्या सुमारास एका घराच्या माळ्यावर थाटलेले त्यांचे मंदिर आजही पाहता येते. तरीही त्या काळच्या युरोपात याहून मोकळी हवा क्वचितच कोठे होती.

याच शहरातील व्यापाऱ्यांच्या पैशावर १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर पुलिकत, नागपट्टण, तेगनापट्टण येथे तिच्या वखारी होत्या. तेथून कापड जाई, तशी माणसेही जात. दुष्काळ पडला किंवा परचक्र आले की उपाशी माणसे स्वतःला किंवा आपल्या मुलांना विकत. १६५९ ते १६६१ या वर्षांत विजापूरच्या फौजांनी तंजावरचा मुलूख उद्ध्वस्त केला, तेव्हा हजारो स्त्री-पुरुष जहाजांत भरून सिलोन आणि बटाव्हिया येथे नेण्यात आले. बटाव्हिया म्हणजे आजचे जाकार्ता. घरी ज्याने राजाचा गुलाम होण्यास नकार दिला होता, तो वलंदेज येथे माणसांची खरेदी करीत होता. यात त्याला विसंगती वाटत नसावी, आणि हीच गोष्ट सर्वांत अधिक अस्वस्थ करणारी आहे.

स्पिनोझा २१ फेब्रुवारी १६७७ रोजी हेग येथे वारला. त्याच वर्षी या कथेचा धागा मराठ्यांच्या इतिहासाशी जुळतो. बेंगळुरूचे पठार १६३८ पासून शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्या पठाराच्या आग्नेय कडेला, आजच्या तामिळनाडूच्या सीमेला लागून आनेकल आहे. एकेकाळचे हे पाळेगारांचे ठाणे. तेथून होसूरवरून घाट उतरले की तमिळ मैदान लागते आणि पुढे तो किनारा. त्या काळी हा वरचा आणि खालचा मुलूख मिळून 'कर्नाटक' म्हणत. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीवर आले, त्यांनी जिंजी घेतली आणि विजापूरचा सरदार शेरखान लोदी याचा पराभव केला. शेरखानाच्या अमलातील किनाऱ्यावर वलंदेजांची वखार होती. जुन्या सवलती कायम राहाव्यात म्हणून त्यांनी नव्या धन्याकडे कौल मागितला.

कौल मिळाला. व्यापाराची मोकळीक मिळाली, जकातीचे ठरले. पण त्यात एक कलम असे होते की ज्याची वलंदेजांना सवय नव्हती. पूर्वीच्या राजवटीत तुम्हांला येथे स्त्री-पुरुषांना गुलाम म्हणून विकत घेण्याची व बाहेर नेण्याची मुभा होती. आता हा मुलूख जोवर महाराजांच्या ताब्यात आहे तोवर ती नाही. तसा प्रयत्न केलात तर आमची माणसे हरप्रकारे अडवतील आणि त्या जिवांना तुमच्या वखारीत परत जाऊ देणार नाहीत, असा त्याचा भावार्थ आहे. या कौलाचा डच तर्जुमा शिल्लक आहे. त्यात तत्त्वचर्चा नाही, ग्रंथाचा आधार नाही. आहे ती राज्यकर्त्याची सरळ मनाई. तरी त्या वर्षी किनाऱ्यावरच्या भुकेल्या माणसाला स्पिनोझाच्या ग्रंथापेक्षा हे कलम अधिक जवळचे होते.

या गोष्टीचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्या अभिमानाने डोळे झाकू नयेत. मराठी मुलखातही कुणबिणी आणि बटकी होत्या. पेशव्यांच्या काळातील कागदपत्रांत त्यांच्या खरेदी-विक्रीचे उल्लेख सापडतात, आणि धान्य वा जनावर यांच्याप्रमाणे त्यांची किंमत लिहिलेली असते. गुलामीला असलेला कायद्याचा आधार कंपनी सरकारच्या मुलखात १८४३ मध्ये काढून घेण्यात आला.

डचांनी आपल्या पूर्वेकडील वसाहतींत गुलामगिरी १८६० मध्ये बंद केली. सुरिनाम आणि कॅरिबियन बेटांवर १ जुलै १८६३ रोजी. सुरिनाममध्ये मालकांना दर गुलामामागे तीनशे गिल्डर भरपाई मिळाली. ज्यांचे आयुष्य गेले त्यांना काहीच मिळाले नाही. उलट आणखी दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली काम करण्याची सक्ती झाली. या सर्वाबद्दल १९ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधान मार्क रुट यांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली. ते भाषण हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात झाले; कंपनीचे दप्तरही तेथेच आहे. १ जुलै २०२३ रोजी राजे विलेम-अलेक्झांडर यांनीही क्षमा मागितली. इतक्या उशिराने शब्द देऊन काय साधते, असे विचारणारे तेथेही आहेत. पण आपल्या स्वातंत्र्याच्या हिशेबात कोण धरले गेले नव्हते, हे सरकारने स्वतःच्या तोंडाने सांगणे ही लहान गोष्ट नव्हे.

आनेकलचा उल्लेख वर केवळ नकाशासाठी केलेला नाही. आज या तालुक्यात बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले येथे कारखान्यांच्या रांगा आहेत आणि पोटापाण्यासाठी आलेली मराठी माणसेही या भागात भेटतात. पण येथील खेड्यांत एक शब्द फार जुना आहे, 'जीत'. मराठीत ज्याला वेठबिगारी म्हणतात, तेच हे. आजारपणासाठी किंवा लग्नासाठी जमीनमालकाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबायचे. उचल मात्र फिटत नाही. बापाच्या जागी मुलगा येतो. असे बांधले गेलेले बहुतेक जण दलित असत. संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली होती, आणि १९७६ च्या कायद्याने असे प्रत्येक कर्ज रद्द ठरवले. तरीही १९८० च्या दशकाच्या अखेरीस आनेकल तालुक्यात जीत करणारी माणसे कार्यकर्त्यांना आढळत होती. त्यांना सोडवण्याच्या कामातून 'जीविका' ही संघटना उभी राहिली आणि पुढे कर्नाटकाच्या इतर जिल्ह्यांत पसरली.

हे काम वाटते तितके सोपे नसते. बांधलेला माणूस साखळदंडात नसतो. तो मालकाच्या अंगणात मोकळाच वावरतो. उचलीचा कागद बहुधा नसतो, असला तर त्यावर अंगठा असतो. आपण बांधलेले आहोत हे त्याने स्वतः सांगावे लागते, आणि सांगितले तर उद्याची भाकरी जाण्याचे भय असते. सरकारी अधिकारी चौकशी करतो, जबाब घेतो आणि खात्री पटली की मुक्ततेचे प्रमाणपत्र देतो. त्या एका पानावर माणसाचे नाव, गाव आणि त्याच्याकडून आता काहीही येणे राहिलेले नाही, एवढाच मजकूर असतो. ते पान घरी आणून पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी ठेवले जाते.