मुखत्यारपत्र कोणाचे?

चिरंजीव भाचा व भाची यांस,


आईचे कुलमुखत्यारपत्र थोरल्या भावाकडून धाकट्या बहिणीच्या नावे करण्याचे घरात ठरत असल्याचे समजले. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे बँक, घर, कर, कोर्टकचेरी अशा व्यवहारांत आपल्या वतीने सही करण्याचा दुसऱ्यास दिलेला लेखी अधिकार, मुलांच्या मालकीचा कधीच होत नाही. तो आईचाच राहतो, आणि म्हणून एका अपत्याने तो दुसऱ्यास परस्पर देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १९० नुसार मुखत्याराने स्वतः करण्याचे पत्करलेले काम, मूळ पत्रात तशी मुभा नसेल, तर सामान्यतः इतरांवर सोपवता येत नाही.

यास्तव कागद दोन लागतात. रद्दलेखाने आई जुना अधिकार काढून घेते आणि नव्या मुखत्यारपत्राने तो मुलीस देते. जुने पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असल्यास रद्दलेखही तेथेच नोंदवणे हिताचे असते. कलम २०८ प्रमाणे अधिकार संपल्याचा परिणाम त्रयस्थांपुरता त्यांना ते कळल्यापासूनच होतो, त्यामुळे बँक व गृहनिर्माण संस्था यांना लेखी सूचना देऊन पोच घेतली नाही, तर भावाच्या सहीने झालेल्या व्यवहाराला आई बांधली जाऊ शकते. आईने मागितल्यास हिशेब देणे कलम २१३ नुसार भावावर बंधनकारक आहे. तो न मागता दिल्यास भावंडांतील संशयाला जागा उरत नाही.

या साऱ्यास एक अट आहे : सही करताना आईला कागदाचा अर्थ कळला पाहिजे. शरीराने असमर्थ व्यक्तीसाठी नोंदणी अधिकारी घरी येऊ शकतो. परंतु स्मृतिभ्रंशाने समजच गेली, तर कलम २०१ नुसार जुना अधिकारही संपतो आणि नवा देता येत नाही. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने समज गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र मान्य केले आहे. भारतात तशी सर्वसाधारण सोय नाही, आणि पालक नेमून घेण्यासाठी कुटुंबांना बहुधा संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका करावी लागते.

तेव्हा वकिलाकडे जाण्यापूर्वी दोघांनी आईस तिची इच्छा विचारावी, आणि तिची समज शाबूत आहे तोवरच कागद पुरे करावेत.

तुमचा
मामा