चुलीचा धूर आवरताना

धूर म्हणजे पुरते न जळलेले लाकूड. त्याचे पहिले कारण ओले सरपण: आच पाणी आटवण्यातच खर्ची पडते आणि जाळ धरत नाही. झाशी जिल्ह्यातल्या टहरौलीसारख्या भागात लाकूड पावसाळ्याआधीच फोडून, हवा खेळेल असे रचून आडोशाला ठेवावे. ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा. वाळलेल्या ढलप्यांना टोकाशी भेगा पडतात आणि त्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजतात.

दुसरे कारण कोंडलेली हवा. चुलीचे तोंड गच्च भरू नये. राख रोज काढावी, बारीक लाकडे थोडी थोडी सारावीत. धुराडे सरळ आणि छपराच्या वर निघालेले असावे. आतली काजळी वेळोवेळी खरवडावी, नाहीतर धूर उलटा घरात शिरतो. धुराडे नसेल तर चुलीच्या वर झरोका आणि उघडे दार हवेच.

बुंदेलखंडातल्याच महोब्यातून 10 ऑगस्ट 2021 रोजी स्वयंपाकाच्या गॅसजोडण्या देणाऱ्या उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या टप्प्याची सुरुवात झाली. तरी जिथे चूल पेटते, तिथे धुराचा पहिला मारा रांधणाऱ्या बाईच्या आणि तिच्याजवळच्या मुलांच्या फुप्फुसांवर होतो. मुलांना चुलीपासून लांब बसवावे. दारे लावून धुमसत्या चुलीशेजारी कधीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.