सेल थकतो, भिंत थकत नाही

कुंभकोणमजवळच्या चोळपुरमसारख्या गावात तान्हे मूल आजही साडीच्या झोळीत निजते. तमिळ घरांत तिला ‘तूळी’ म्हणतात. मराठी घरांतल्या झोळीहून ती वेगळी नाही. आता या झोळीच्या कडीला स्प्रिंग आणि छोटे विद्युत यंत्र जोडलेलेही आढळते. ते अ‍ॅडाप्टरमार्फत भिंतीतल्या विजेवर चालते आणि झोळी हलती ठेवते. त्याच खोलीत, बाळाच्या हाताशी, दिवे लुकलुकवणारे आणि सूर काढणारे खेळणे असते. ते मात्र सेलवर चालते आणि आठवड्या-दहा दिवसांत मुके होते. मग घरातल्या कोणालाही सहज सुचणारा प्रश्न असा, की पाळणा भिंतीवर चालतो तर खेळणे का नको?

प्रश्न खर्चाच्या दृष्टीने अगदी रास्त आहे. पेन्सिल सेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये सुमारे ३ वॅट-तास ऊर्जा असते. विजेचे एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. एका युनिटाएवढी ऊर्जा सेलमधून मिळवायची तर ३३० हून अधिक सेल लागतील. सेल अवघ्या दहा रुपयांना मिळाला असे धरले, तरी ते युनिट तीन हजार रुपयांच्या वर जाते. घरात येणारे युनिट मात्र काही रुपयांचे असते. अर्धा वॅट घेणारे खेळणे रोज दोन तास चालले, तर वर्षभरात त्याला ३६५ वॅट-तास लागतात. भिंतीकडून घेतले तर हे युनिटाच्या जेमतेम एक तृतीयांश होते. सेलच्या हिशेबात मात्र ते एकशे वीसच्या आसपास भरते, आणि इतके रिकामे सेल कचऱ्यात जातात, हे वेगळेच.

तांत्रिकदृष्ट्याही काम अवघड वाटत नाही. ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात ‘बॅटरी एलिमिनेटर’ नावाचे डबडे घरोघरी असे. सेलच्या जागी त्याची वायर जोडली की रेडिओ विजेवर वाजे. आज तीन सेलच्या खेळण्याला ४.५ व्होल्ट लागतात आणि मोबाइलचा साधा चार्जर ५ व्होल्ट देतो. नवे तीन सेल मिळून ४.८ व्होल्टच्या आसपास देतातच, म्हणजे फरक किरकोळ वाटतो. धन-ऋण टोके नीट जोडली, की बहुतेक खेळणी चालू लागतात. म्हणूनच हा प्रयोग धोक्याचा ठरतो: तो यशस्वी झाल्यासारखा दिसतो.

सेल आणि भिंत यांच्यातला खरा भेद व्होल्टचा नाही. सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. खेळण्याची मोटर अडकली, चाकात कापड गुंतले, तर प्रवाह वाढतो. त्याबरोबर सेलचे व्होल्टेज खाली येते, सेल तापतो, आणि काही वेळाने संपतो. भिंतीतला पुरवठा असा दमत नाही. तो अडकलेल्या मोटरला तासन् तास तितकाच प्रवाह देऊ शकतो आणि प्लास्टिकच्या आत उष्णता साठत राहते. आपण ज्याला सेलचा दोष म्हणतो, ते त्याचे ‘संपणे’, हीच खेळण्याची एक न लिहिलेली सुरक्षा-व्यवस्था असते.

दुसरा भेद याहून गंभीर आहे. सेलवर चालणारे खेळणे विजेच्या जाळ्यापासून पूर्ण अलग असते. अ‍ॅडाप्टरवर चालणाऱ्या खेळण्यात २३० व्होल्ट आणि बाळ यांच्यामध्ये उभा असतो तो अ‍ॅडाप्टरमधला चिमुकला ट्रान्सफॉर्मर आणि त्याचे विद्युतरोधन. चांगल्या अ‍ॅडाप्टरमध्ये हे अंतर आणि रोधन काटेकोर राखलेले असते. नकली, स्वस्त अ‍ॅडाप्टरमध्ये तेच सर्वांत आधी वाचवले जाते, आणि बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही. मोठ्या माणसाच्या कोरड्या हातात जे झिणझिण्यांवर निभावते, ते लाळेने ओल्या तोंडात निभावेलच असे नाही. शिवाय बाळ वायर चघळते, ओढते, आणि क्वचित गळ्याभोवतीही घेते. तो धोका तर विजेशिवायही राहतो.

भारतात खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि भारतीय मानक ब्यूरोची खूण बंधनकारक झाली. विद्युत खेळण्यांचे मानक आहे आयएस १५६४४. त्यातील तत्त्वे आंतरराष्ट्रीय मानकाशी मिळतीजुळती आहेत: खेळण्याचे व्होल्टेज २४ च्या वर जाऊ नये, आणि ट्रान्सफॉर्मरवरून चालणारी खेळणी तीन वर्षांखालील मुलांसाठी नसावीत. दुसरा नियम वाचून अनेकांना तो अतिसावध वाटतो. पण वरचे दोन्ही भेद ध्यानात घेतले, की त्यामागचे भौतिकशास्त्र उलगडते. आणि घरी तारा जोडल्या, की जी खूण मिळाली होती ती मूळ रचनेची. बदललेल्या खेळण्याची तपासणी कोणीच केलेली नसते.

याचा अर्थ सेल निरुपद्रवी असतो, असे मात्र नाही. नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा लिथियम सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर तिथल्या ओलाव्यातून प्रवाह वाहू लागतो. सेलच्या ऋण बाजूजवळ तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत ऊतींना गंभीर इजा होऊ शकते. म्हणून सेलचा कप्पा स्क्रूने बंद होतो की नाही, हे पाहणे वायर जोडण्यापेक्षा कितीतरी तातडीचे आहे. असा सेल गिळल्याची शंका जरी आली, तरी विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

मग खर्चाचे काय? उत्तर भिंतीला नाकारण्यात नाही. भिंत आणि बाळ यांच्यामधले अंतर राखण्यात आहे. निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल शेकडो वेळा भरता येतात. ते प्रत्येकी १.२ व्होल्टच देतात. पण अल्कलाइन सेलही आपल्या आयुष्याचा बराच काळ त्याच सुमारास काढतो, म्हणून बहुतेक खेळणी त्यावर ठीक चालतात. चार्जर उंच फळीवर असावा, मुलाच्या हाताला न लागणारा. वीज भिंतीतलीच, पण खेळण्यात शिरताना ती पुन्हा सेलच्या मर्यादेत बांधलेली. झोळीचे यंत्र भिंतीवर चालू शकते, याचेही कारण तेच. ते आढ्याला असते, वायर वरून जाते, आणि बाळाच्या तोंडाशी येतो तो फक्त साडीचा पदर. तो नियमही यंत्र हाताबाहेर आणि अ‍ॅडाप्टर खात्रीचा असेल तेव्हाच लागू होतो.

कुंभकोणमपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर तंजावर आहे, जिथे १८५५ पर्यंत मराठ्यांचे राज्य होते. तिथल्या मान डोलावणाऱ्या बाहुल्यांना २००८-०९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिथली बुडाशी जड असणारी बाहुली कशीही कलंडवली, तरी उभी राहते. तिचे गुरुत्वमध्य खाली असते, एवढेच. रंग आणि माती तोंडात घालण्याजोगी नसते, म्हणून ती तान्ह्याच्या हाती नव्हे, डोळ्यांसमोर ठेवावी. तान्हे तिच्याकडे टक लावून पाहते आणि ती थांबली, की कोणीतरी पुन्हा एक टिचकी मारते. त्या टिचकीला ना सेल लागतो, ना प्लग; लागते ते जवळ बसलेले माणूस.