मिग-२१, बहात्तरपट लहान

मिरज

चि. सुमित यास,


लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीचे काम प्लास्टिकला हात लावण्याआधीच सुरू होते. नेमके कोणते विमान आणि कोणत्या वर्षातले, हे आधी ठरवावे लागते. ‘मिग-२१’ एवढ्याने भागत नाही. नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात या विमानाचे एफएल, एम आणि बिस असे तीन प्रकार तयार झाले. एफएलची पाठ सडपातळ, पंखांखाली शस्त्रे टांगायचे दोनच पायलॉन आणि तोफ अंगात नाही; बिसची पाठ फुगीर, पायलॉन चार, तोफ पोटातच. रंगाचेही तसेच. एफएल विमाने सुरुवातीला उघड्या धातूच्या रंगात उडत. १९७१ च्या युद्धात त्यांवर घाईघाईने हिरवा रंग चढला, काही ठिकाणी तर चक्क ब्रशने. त्यामुळे ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर १४ डिसेंबरला हल्ला करणारे मिग करायचे, तर किटच्या खोक्यावरच्या चित्रापेक्षा जुन्या फोटोंवर भरवसा ठेवलेला बरा.  २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ निवृत्त झाले.

विमान ठरले की प्रमाण ठरवायचे. १:७२ हे प्रमाण फूट-इंचांतून आले: सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. दुसऱ्या महायुद्धात विमाने ओळखण्याच्या सरावासाठी अमेरिकन नौदलाने १९४२ मध्ये शाळकरी मुलांकडून याच मापाची लाकडी, काळी रंगवलेली मॉडेल मागवली होती. मिग-२१ चा पंखविस्तार ७.१५ मीटर, १:७२ मध्ये तो जेमतेम १० सेंटिमीटर होतो, १:४८ मध्ये १५.

जोडणीत फार गूढ नाही. फ्रेममधून भाग कटरने सोडवायचे, कानशीने साफ करायचे, गोंद न लावता एकदा बसवून पाहायचे. पॉलिस्टायरीनचा पातळ गोंद प्लास्टिक विरघळवूनच सांधतो, म्हणून तो बेताने. कॉकपिटच्या काचेला मात्र फेविकॉलच. सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकटते. मिगच्या नाकातल्या शंकूत शिशाचे तुकडे भरावे लागतात, नाहीतर तीन चाकांवरचे विमान शेपटीवर बसते. सांध्यांत पुट्टी, मग ४०० पासून १००० पर्यंतचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून.

खरी परीक्षा रंगात. रंगाचा ०.१ मिलिमीटर जाड थर बहात्तरपट केला की खऱ्या विमानावर ७ मिलिमीटरचा लेप होतो, आणि पत्र्यांमधली ०.२ मिलिमीटरची रेघ बोटभर रुंद फट. मॉडेल खेळण्यासारखे दिसते ते बहुतेक वेळा यामुळेच. चुकलेल्या छटेमुळे क्वचित. म्हणून एअरब्रशने, दुधाइतका पातळ केलेला रंग, थरावर थर. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले कारागीर स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा कापडाच्या बोळ्याने सतारीच्या तब्लीवर असाच पुन्हा पुन्हा फिरवतात. एका हातात चकाकी आणू पाहणाऱ्याचे काम तिथेही फसते. पावसाळ्यात दमट हवेने लॅकरवर पांढुरकी झाक येते, तेव्हा रंगकाम कोरड्या दिवसापर्यंत थांबवलेले चांगले. धातूच्या रंगाखाली चकचकीत काळा थर लागतो आणि त्यावर बोटाचा ठसाही लपत नाही; नवशिक्याने आधी हिरवे मिग करावे.

डीकल, म्हणजे चिकटवायची चिन्हे, खरखरीत पृष्ठभागावर लावली तर खाली हवा अडकून कडा चंदेरी दिसतात. म्हणून आधी ग्लॉस वॉर्निश, त्यावर पाण्यात सोडवलेली डीकल, मग रेघांत पातळ काळपट रंग आणि शेवटी मॅट थर. हवाई दलाच्या वर्तुळात केशरी बाहेर, हिरवा मध्ये. धुराचे, तेलाचे डाग थोडकेच हवेत. हल्ली विमान भंगारातून काढल्यासारखे रंगवायची जी हौस दिसते, ती रोज पुसल्या जाणाऱ्या लढाऊ विमानाला शोभत नाही.

नाकापुढची पिटो नळी किटमध्ये हमखास जाड असते. तिच्या जागी इंजेक्शनची सुई टोक घासून बसवतात. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात ती कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते. हाताळताना पहिल्यांदा हीच मोडते, म्हणून ती बसवायची सगळ्यात शेवटी.

तुझा,
काका