अवतरणानंतरची ओळ

संतवाङ्मयावरील पदव्युत्तर निबंधांतून एक जोडी हटकून भेटते. न्यायमूर्ती रानडे यांच्या मते संतांच्या चळवळीने स्वराज्याची भूमी तयार केली. उलट इतिहासाचार्य राजवाडे यांच्या मते संतांनी समाजाला निवृत्तीकडे नेले. एवढे लिहून झाले की परिच्छेद संपतो. दोन दिग्गजांना समोरासमोर उभे करून विद्यार्थी स्वतः तेथून काढता पाय घेतो.

याला केवळ आळस म्हणणे अन्यायाचे होईल. मराठी सत्तेच्या उदयावरील रानडे यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांच्या हाती तो येतो कोणा समीक्षकाच्या लेखातून, पुष्कळदा तर परीक्षेच्या मार्गदर्शिकेतून. तळटीपेत मात्र मूळ ग्रंथाचेच नाव दिमाखाने झळकते. मधल्या माणसाचा उल्लेख गळलेला असतो. यात प्रामाणिकपणाचा प्रश्न आहेच, पण नुकसान त्याहून मोठे आहे. मूळ ग्रंथ न पाहिल्यामुळे मत तेवढे हाती लागते, त्यामागचा युक्तिवाद लागत नाही. रानडे यांनी संतांच्या कार्याची तुलना युरोपातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेशी केली आहे. वाद घालायचा तर तो या तुलनेशी घालावा लागतो, आणि ती आहे हेच ज्याला ठाऊक नाही त्याने वाद घालावा तरी कसा?

समजा, असा एखादा विद्यार्थी पंढरपूरच्या परिसरातला आहे. चोखामेळ्याची समाधी विठ्ठलमंदिराच्या बाहेर आहे, हे तो लहानपणापासून पाहत आला आहे. त्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले, हेही त्याने घरी ऐकलेले असते. धर्मसुधारणेची तुलना मान्य केली तर बाहेर राहिलेल्या या समाधीचा अर्थ कसा लावायचा? आणि संतांनी समाजाला निष्क्रिय केले असे मानले, तर चोखोबांच्या अभंगांतील तक्रारीला काय म्हणायचे? रानडे आणि राजवाडे या दोघांनाही विचारता येतील असे हे प्रश्न त्याच्याजवळच असतात. तरीही ते निबंधात उतरत नाहीत, कारण त्यांच्या पुष्ट्यर्थ द्यायला अवतरण सापडलेले नसते. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीलाही कोणा थोराचा दाखला लागतो, हे त्याला कोणी शिकवले? बहुधा वर्गानेच.

वस्तुतः मराठीला हा व्यवहार परका नाही. गीतेच्या ७०० श्लोकांवर ज्ञानदेवांनी सुमारे नऊ हजार ओव्या रचल्या. आपण पूर्वीच्या भाष्यकारांना वाट विचारीत निघालो आहोत, हे ऋण त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पण ज्ञानेश्वरीतील दृष्टांत आणि श्रोत्यांशी चाललेला संवाद कोणत्याही भाष्यातून उचललेला नाही. श्लोक संपतो तेथे त्यांचे काम सुरू होते. आजच्या निबंधात अवतरणचिन्ह मिटले की कामही मिटते.

तांत्रिक बाबींविषयी फार बोलायला नको. एक मात्र नोंदवावेसे आहे. तुकोबांच्या अभंगाचा नुसता क्रमांक देऊन भागत नाही. गाथेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत क्रम वेगळा आहे, तेव्हा आवृत्तीचे नाव नसेल तर पडताळा पाहणाऱ्याला सारी गाथा चाळावी लागते. परीक्षक सहसा ती चाळीत नाहीत, आणि विद्यार्थ्यांना हे पुरते ठाऊक असते.