तार गुंडाळली

पनवेल तालुक्यातल्या आमच्या गावी भाताच्या शेतात काटेरी तारेचे कुंपण होते. ते गुरांसाठी नव्हते. आमच्या वडिलांनी आणि काकांनी ते एकमेकांसाठी घातले होते. दोघेही आता नाहीत. यंदा कापणी उरकल्यावर दोन्ही घरच्या मंडळींनी मिळून ते काढले.

ही जमीन महारकी वतनाची. वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात अडकवलेली गावची चाकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाबद्दलचे विधेयक मांडले, १९३७ साली खोती नष्ट करण्याचे. कनिष्ठ गाव वतने निर्मूलनाचा कायदा मात्र १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर झाला. आमच्या आजोबांनी ठरलेली रक्कम भरून जमीन नावावर करून घेतली. चाकरी गेली, जमीन राहिली. आणि त्याच जमिनीच्या हातभर बांधावरून त्यांचे दोन मुलगे बोलेनासे झाले!

तार काढणे सोपे नाही. ताणलेली तार एकदम तोडली तर सापासारखी उसळते. म्हणून आधी खांबावरची बांधणी सैल करायची. तार आपल्याकडे ओढायची नाही, ती गवतात अडकते. जुन्या टायरवर गुंडाळत आपणच तिच्याकडे चालत जायचे. एकाने टायर फिरवायचा, दुसऱ्याने तार धरायची. हे एकट्याचे काम नव्हे. चुलतभावाने टायर फिरवला, आम्ही तार धरली.

तेवढ्यात आमच्या पोटरीत काटा रुतला. कित्येक वर्षांनी काकी आमच्याशी बोलल्या, "आधी साबणाने धू रे, मग सुई घेऊन ये." बरोबरच होते. धनुर्वाताचे जंतू गंजात नव्हे, मातीत असतात आणि खोल जखमेतून अंगात शिरतात.

रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडले, तेव्हा सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, ही कथा आम्ही दर वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनात ऐकत आलो. ऐकून घरी परतायची वाट मात्र त्या तारेच्या कडेनेच होती.

भंगारवाल्याने पैसे हातावर ठेवले तेव्हा कुणीतरी म्हणाले, "अर्धे अर्धे करा." काकी म्हणाल्या, "आता आणखी वाटणी नको."

पैसे विहाराच्या दानपेटीत टाकले. बांध जागेवर आहे. येत्या पावसाळ्यात दोन्ही घरची लावणी एकत्र करायचे ठरले आहे.